मधली बाई

आमच्या शेतकरी बाजाराच्या चौथ्या रविवारी, सकाळी सातच्या सुमारास, मी एका बाईला उठवलं. झोपेतून नाही, बसल्या जागेवरून. त्यांनी गोणपाट अंथरलं होतं. त्यावर मेथीच्या जुड्या, हिरव्या मिरचीचे वाटे, थोडी गवार आणि लिंबं मांडून झाली होती. भवानी अजून व्हायची होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "मावशी, इथं फक्त शेतकऱ्यांना बसता येतं."

त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "मग मी कोण हाय?"

'तुम्ही व्यापारी' हे दोन शब्द तोंडापर्यंत आले होते, पण बाहेर पडेनात. समोर एक पाटी, एक तागडी, पाण्याची एक बाटली आणि साठी ओलांडलेली बाई. मी पाचवीत असल्यापासून आई यांच्याकडून भाजी घेते. दहावीच्या निकालाच्या पेढ्यांतला एक पेढा त्यांच्या हातावर ठेवलेला मला आठवतो. मी नियम सांगितला. त्यांनी वाद घातला नाही. गोणपाट गुंडाळलं, पाटी डोक्यावर घेतली आणि फाटकाच्या बाहेर, गटाराच्या कडेला जाऊन बसल्या. त्या दिवशी दुपारी आमच्या घरी मेथीची भाजी होती. आईनं ती फाटकाबाहेरून आणली होती, आणि जेवताना ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

तो प्रसंग होऊन वर्ष झालं. बाजार चालू आहे आणि बरा चालला आहे. पण 'मग मी कोण हाय?' या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी बाजार का सुरू केला ते सांगतो, कारण ते कारण खोटं नव्हतं. आमचं गाव तालुक्याचं, सातारा जिल्ह्यातलं. वडील एकरभर टोमॅटो लावतात. माल बाजार समितीत गेला की आडत्याकडून एक कागद येतो, त्याला पट्टी म्हणतात. किती कॅरेट, काय भाव, त्यातून हमाली किती, तोलाई किती, गाडीभाडं किती, आणि शेवटी हातात किती, हे सगळं त्यावर असतं. वडील या पट्ट्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवतात. लहानपणी मी त्या पिशवीतल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं करायचो. मोठा झाल्यावर पुढची बाजू वाचली. एका पट्टीवर शेवटचा आकडा उणे होता. माल विकून वडिलांनी वर भाड्याचे पैसे दिले होते.

हे काही आमच्याच घरचं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला. खर्च वजा जाऊन त्याच्या वाट्याला आले २ रुपये ४९ पैसे, आणि चेक आला दोन रुपयांचा. तुम्ही तेव्हा तो चेक मोबाईलवर पाहिला असेल, फॉरवर्डही केला असेल. पुढे २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासात असं दिसलं, की गिऱ्हाईक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतं त्यातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात. कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७.

उरलेले पैसे कुठं जातात, हा प्रश्न कुणालाही पडेल. आम्हा चार मित्रांना तो पडला आणि उत्तरही लगेच सापडलं: मधला माणूस खातो. तो काढून टाकायचा. ही कल्पना नवी नाही. पंजाबात १९८७ मध्ये 'अपनी मंडी' सुरू झाली. आंध्रात १९९९ च्या जानेवारीत 'रयतू बाजार' आले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी तमिळनाडूत मदुराईपासून 'उळवर संदै'. आपल्याकडे जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडी बाजारांचं अभियान आलं. आम्ही एवढंच केलं, की जे पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत चालत होतं ते तालुक्याच्या गावात आणलं. जुन्या शाळेचं पटांगण मिळालं. पोस्टर मी केलं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ना दलाल, ना आडत्या. थेट शेतातून घरात.' ते स्टेटसला ठेवलं, दोनशे-अडीचशे जणांनी पाहिलं, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आता नियमाकडे येतो. शेतकऱ्यांचा बाजार म्हटल्यावर शेतकरी कोण हे ठरवावं लागतं. पहिल्या बैठकीत ते पाच मिनिटांत ठरलं: ज्याच्या नावावर सातबारा तो शेतकरी. कागद सरकारी आणि मोबाईलवर निघतो, त्यामुळे वादाला जागा नाही असं वाटलं.

पहिल्याच रविवारी वाद निघाला. शेजारच्या वाडीतून एक वहिनी वांगी घेऊन आल्या. रोप लावण्यापासून तोडण्यापर्यंत सगळं त्यांनी केलेलं. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. आमच्या नियमाप्रमाणे शेतकरी ते अंथरुणातले सासरे. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं १९८६ मध्ये चांदवडला अधिवेशन भरवलं. त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती'चा कार्यक्रम काढला, नवऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करून द्यावा म्हणून. त्याला तीसेक वर्षं उलटून गेली, आणि आम्ही मोबाईल हातात घेऊन त्या बाईला 'तुमचं नाव दिसत नाही' म्हणून सांगत होतो.

दुसऱ्या रविवारी एक जण आला तो अर्धेलीनं जमीन करणारा. मालक मुंबईत, नोकरीला. राबतो हा, आणि बियाणं-खतात आणि उत्पन्नात निम्मा वाटा. त्याचा सातबारा मुंबईला! सातबारा हे खरं म्हणजे दोन नमुन्यांचं जोडनाव आहे. सात नंबरला मालकी आणि बारा नंबरला पीक. आम्ही सात बघत होतो आणि भाजी उगवत होती बारामध्ये. मग नियम बदलला. कूळकायद्याच्या काळात आजोबांच्या पिढीनं ज्या घोषणेवर जमिनी मिळवल्या, 'कसेल त्याची जमीन', तीच जरा वळवून घेतली: कसेल तो शेतकरी. १ एप्रिल १९५७ ला जे राज्यानं कुळांसाठी मान्य केलं ते आम्हाला दोन रविवार लागून कळलं.

नवा नियम सगळ्यांना आवडला. त्यात एक तत्त्व होतं: कागद नाही, कष्ट बघायचे. आणि चौथ्या रविवारी, हाच तत्त्वाचा नियम हातात घेऊन, मी मावशींना उठवलं.

कष्टच बघायचे तर मावशींचे बघू. त्या पहाटे तीनला उठतात. चार-पाच जणी मिळून टेम्पो करतात आणि जिल्ह्याच्या मंडईत जातात. लिलावात मोठे व्यापारी शंभर जुड्यांचा लॉट उचलतात, यांना पंधरा हव्या असतात. मग उरलेल्यातला, दुसऱ्या-तिसऱ्या हातचा माल घ्यायचा. सातपर्यंत परत. मेथी निवडायची, पिवळी पानं काढायची, मोठ्या जुडीच्या दोन करायच्या, पाणी मारायचं. मग दिवसभर उन्हात बसायचं. संध्याकाळी सहानंतर जुडी दहाची सातला आणि सातची पाचला. जे उरलं ते शेळीला. वर महिनाभराची उधारी, ती कुठंही लिहिलेली नसते आणि तरी चुकत नाही. माझ्या आईची उधारी २०२० च्या टाळेबंदीत दोन महिने थकली होती. त्यांनी एकदाही मागितली नाही.

हे सगळं काम आहे की नाही? आमच्या पोस्टरप्रमाणे नाही. आमच्या पोस्टरवर शेत होतं आणि घर होतं, मध्ये बाण होता. बाण डोक्यावर पाटी घेत नाही.

मला वाटतं घोळ 'मधला माणूस' या शब्दातच आहे. हा शब्द माणूस कुठं उभा आहे ते सांगतो. त्याच्या हातात काय आहे ते सांगत नाही. आडत्या मधला आहे आणि मावशीही मधल्या आहेत, एवढ्यावर दोघांना एका पोस्टरवर बसवणं म्हणजे धरणाची भिंत आणि नदीतला दगड दोन्ही पाणी अडवतात असं म्हणण्यासारखं आहे. आडत्याकडे भांडवल असतं. तो लावणीच्या वेळी उचल देतो आणि उचल घेतली की माल त्याच्याकडेच घालावा लागतो. त्याला शेतकऱ्याची अडचण माहीत असते, शेतकऱ्याला त्याचा हिशोब माहीत नसतो. (सगळे आडते लुटारू असतात असंही नाही. वडिलांच्या आजारपणात एका आडत्यानंच रात्री अकराला पैसे आणून दिले होते. तेही खरं आणि उणे पट्टीही खरी.) मावशी मात्र भाव ठरवत नाहीत. सकाळी मंडईतला भाव त्यांना घ्यावा लागतो आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाचा. दोन्हीकडून दाबलेल्या बाईला आम्ही दाबणारी म्हणालो.

व्यापार करणाऱ्याकडे संशयानं बघायची सवय फार जुनी आहे. तिच्यात तथ्यही आहे. पण जुन्या लोकांनी नुसता संशय घेतला नाही, मोजलंही. कौटिल्यानं अर्थशास्त्रात व्यापाऱ्याचा नफा बांधून दिला: देशातल्या मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर शेकडा दहा, जास्त घेतल्यास दंड. मला यातली गोष्ट आवडते ती अशी, की तो आकडा शून्य नाही. ज्यानं माल इकडून तिकडे नेला त्याचं काहीतरी देणं आहे, हे गृहीत धरून पुढं किती ते त्यानं ठरवलं. आम्ही मात्र शून्यावर येऊन थांबलो होतो.

शून्याची किंमत कुणीतरी भरतंच. हे आमच्याच बाजारात दिसलं. शेतकऱ्यानं स्वतः विकायचं म्हणजे पहाटे माल तोडायचा, जुड्या बांधायच्या, सात ते बारा बसायचं, सुटे पैसे, वजन, कटकट. बाजारात बावीस जागा होत्या. एका रविवारी मी मोजलं, सतरा ठिकाणी बायका बसल्या होत्या. नवरे गाडी लावून माल उतरवत, मग चहाच्या टपरीवर. त्या बायका आठवडाभर शेतात असतात आणि रविवारी बाजारात, आणि घरचा स्वयंपाक त्यांना सुटलेला नाही. म्हणजे मधलं काम गेलंच नाही. ते मावशींकडून काढून वहिनींकडे दिलं. मावशींना त्याचे चार पैसे मिळत होते, वहिनींना तेही नाहीत, कारण पैसे ज्या खात्यात जातात तो क्यूआर कोड नवऱ्याच्या नावाचा. मधला माणूस काढून टाकल्याचा जो फायदा आम्ही फळ्यावर लिहीत होतो, त्यातला एक मोठा भाग म्हणजे कुणाची तरी न दिलेली मजुरी होती.

या सगळ्यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो माझ्याच मित्रानं घेतला. तो म्हणाला, "अरे, कुठलीही नवी गोष्ट आली की जुन्यातल्या कुणाचं तरी नुकसान होतंच. एसटी आली तेव्हा टांगेवाले गेले. म्हणून एसटी आणायची नाही?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी'त जवळपास हेच मांडलं आहे: परीक्षेत किंवा धंद्यात जो जिंकतो तो दुसऱ्याच्या हरण्यातून मिळवतो, पण तेवढ्यानं हरलेल्याला समाजाकडं दाद मागायचा हक्क येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असेल तर गोष्ट वेगळी.

मी बरेच दिवस या मुद्द्यापाशी अडकलो होतो. मावशींना आम्ही फसवलं नव्हतं. आमच्याकडची मेथी ताजी आणि स्वस्त होती, लोक आमच्याकडे आले. यात अन्याय कुठं?

अन्याय पटांगणात होता, हे उशिरा लक्षात आलं. ती जागा सार्वजनिक होती आणि आम्हाला फुकट मिळाली होती. आम्ही शिकलेली पोरं होतो, अर्ज लिहिता येत होता, साहेबांशी बोलता येत होतं. परवानगी देताना तिथल्या अधिकाऱ्यांनी सहज सांगितलं, फेरीवाले आत येऊ देऊ नका. आम्ही सहजच हो म्हणालो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती असायला हवी. तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यात एक तृतीयांश बायका. जिथं विकणारे आणि घेणारे पूर्वापार जमत आले त्या जागेलाही त्या कायद्यात नाव आहे, नैसर्गिक बाजार. मावशींना हे कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीही वाचलं नव्हतं. म्हणजे शर्यत लागलीच नव्हती. आम्ही मैदान घेतलं, फाटक लावलं, आणि बाहेर राहिलेल्याला म्हणालो, तू हरलीस. मिलची सवलत स्पर्धेला आहे, फाटकाला नाही. टांगेवाल्याला एसटीनं मागं टाकलं, पण रस्त्यावरून हाकललं नव्हतं.

आता आणखी एक गोष्ट सांगतो. ती वरवर वेगळी वाटेल, पण फाटकाच्या आतही सगळं स्वच्छ नव्हतं हे कळावं म्हणून सांगणं भाग आहे.

ऑगस्टच्या एका रविवारी टोमॅटो कमी आले होते. एकट्याच शेतकऱ्याकडे चार कॅरेट होते. त्यानं सकाळी साडेसातला चाळीसनं विकायला सुरुवात केली. त्याला माहीत होतं, कारण शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला होता, की वरच्या गावची दोन पिकअप पंक्चरमुळे अडकली आहेत आणि नऊपर्यंत पोचतील. तो काही बोलला नाही. नऊला गाड्या आल्या, भाव वीसवर आला. आधी घेतलेले लोक परत येऊन भांडले.

हीच गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी सिसरोनं लिहून ठेवली आहे, इ.स.पू. ४४ मध्ये. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन येतो. वाटेत त्यानं पाहिलं आहे की मागून आणखी जहाजं येताहेत. त्यानं ते लोकांना सांगावं, की गप्प राहून चढ्या भावानं विकावं? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, मालात खोट असेल तर सांगावं, बाकी गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगावं, कारण तुझं हित आणि त्यांचं हित वेगळं नाही. सिसरो शिष्याच्या बाजूनं कौल देतो. आमच्या बैठकीत बहुतेक शेतकरी डायोजिनीसच्या बाजूचे निघाले. एक जण म्हणाला, "लिलावात आमाला कुणी सांगतंय व्हय, मागनं किती गाड्या हायत्या ते? तिथं आमी गप खातो. इथं येक दिस आमी गप बसलो तर इवढं काय?" याला काय उत्तर देणार? आयुष्यभर ज्यांना माहिती नाकारली गेली, त्यांच्याकडून पहिल्या दिवशी पूर्ण पारदर्शकपणा मागायचा हक्क कुणाला आहे? मला अजूनही वाटतं की त्यानं सांगायला हवं होतं. पण हे म्हणताना माझा आवाज पहिल्यासारखा चढत नाही.

आणि आम्ही काय सांगत होतो? पोस्टरवर कोपऱ्यात 'विषमुक्त' लिहिलं होतं. तपासलं कुणी नव्हतं. एका गिऱ्हाइकानं फ्लॉवर घेताना विचारलं, फवारणी केली का? शेतकरी सरळ माणूस. म्हणाला, केली, पण फवारल्यावर तोडायच्या आधी जेवढे दिवस थांबायचं असतं तेवढं थांबलो. बाई फ्लॉवर ठेवून पलीकडे गेली, जिथं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी सगळ्यांत खरं बोललेल्या माणसाचा माल सगळ्यांत जास्त उरला. त्याच्याकडून दुपारी तो कुणी घेतला असेल? फाटकाबाहेरच्या मावशींनी. पूर्ण गठ्ठा, रोख. त्या आमच्या बाजारातल्या शेतकऱ्यांकडून उरलेला माल घेतात हे तोपर्यंत आम्हाला माहीतच नव्हतं. शेतकऱ्यांना माहीत होतं. बारा वाजता चार किलो भेंडी परत घरी नेण्याऐवजी ती कुणीतरी उचलणं ही त्यांच्या दृष्टीनं उपकाराची गोष्ट होती. आम्ही ज्यांना बाजाराबाहेर ठेवलं होतं त्यांच्यावर आमचा बाजार दर रविवारी संपत होता.

त्यानंतर मी बैठकीत विषय काढला, की मावशींना आत घ्यायचं. मला वाटलं सगळे हो म्हणतील. तसं झालं नाही, आणि विरोध करणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. "आज एक मावशी, उद्या त्यांचा भाचा टेम्पो घेऊन, परवा मंडईतला व्यापारी शेतकऱ्याचा फेटा बांधून." हे होतं. शेतकरी बाजारात व्यापारी शिरल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी ऐकू येतात, त्यावरच तर सगळे बाजार ओळखपत्रं देतात. फाटक उघडं ठेवलं तर आधी दांडगा आत येतो, पाटीवाली नाही. वांगीवाल्या वहिनी मला सगळ्यांत जास्त पटल्या. त्या म्हणाल्या, "मला या एका जागेवर पहिल्यांदा कुणीतरी शेतकरी म्हणालं. ते तुम्ही सगळ्यांना वाटून टाकणार असाल तर मग माझ्याकडं काय राहिलं?"

त्यांच्या बोलण्यामुळे मला एक गोष्ट समजली. न्याय म्हणजे सगळ्यांना एकाच नावाखाली आणणं असा माझा समज होता. मावशींना शेतकरी म्हणायचं की प्रश्न मिटला. पण मावशी शेतकरी नाहीत. त्यांच्याकडे गुंठाभर जमीन नाही, कधीच नव्हती, आणि ती का नव्हती याचा इतिहास या गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्यांना खोटं नाव देऊन आत घेणं म्हणजे पुन्हा त्यांचं काम नाकारणंच झालं असतं.

शेवटी जे ठरलं ते अर्धवट आहे. रयतू बाजारांत शेतकऱ्यांबरोबर बचत गटाच्या बायकांनाही काही जागा देतात, स्थानिक शेतकऱ्यांकडे नसलेल्या मालासाठी. ते धरून आम्ही तीन जागा ठेवल्या, गावातल्या जुन्या भाजीवाल्यांसाठी. पाटी लावायची, 'मंडईचा माल'. लसूण, बटाटा, लिंबं, आलं, आपल्याकडे नसेल ते विकायचं. पोस्टरवरचं 'विषमुक्त' मी खोडलं, 'ना दलाल' राहिलं. ते काढायला बहुमत मिळालं नाही.

मावशी दोन रविवार येऊन बसल्या. तिसऱ्या रविवारी आल्या नाहीत. मी घरी गेलो तर म्हणाल्या, "लसणावर दीस निघंना, लेकरा. आनी सोमवारी-मंगळवारी माझ्याकडं कोन येतंय? समद्यांचे फ्रीज तुमच्या भाजीनं भरल्यात." आम्ही त्यांना रविवारची जागा दिली होती आणि बाकीचे सहा दिवस घेतले होते. हा हिशोब आमच्या कुठल्याच बैठकीत आला नव्हता.

दिवाळीनंतर त्या स्वतःच पटांगणात आल्या, रिकाम्या हातानं. वांगीवाल्या वहिनींच्या शेजारी बसल्या आणि दोघींचं काहीतरी बोलणं झालं. पुढच्या रविवारी वहिनींचा माल मावशी विकत होत्या. वहिनी माल देऊन घरी गेल्या होत्या, सासऱ्यांना आंघोळ घालायची होती. मग आणखी दोघींनी आपला माल मावशींकडे ठेवला. बारा वाजता मावशी हिशोब देतात आणि विक्रीतले शंभराला दहा ठेवून घेतात.

मित्राच्या लक्षात आलं तेव्हा तो कपाळावर हात मारून हसला. "अरे, ही आडत झाली की! फाटकाच्या आत!"

हो, आडतच ती. फरक आहे का? मला तरी आहे असं वाटतं. वहिनी पुढच्या रविवारी माल दुसऱ्या कुणाकडे देऊ शकतात, स्वतः बसू शकतात. उचल नाही, बांधलेपण नाही. हिशोब संध्याकाळी नाही, त्याच जागेवर, दोघींच्या समोर. पैसे वहिनींच्या हातात जातात, क्यूआर कोडात नाही. पण मावशींच्या हातात उद्या पाच-सात जणींचा माल आला, त्यांनी लावणीला कुणाला दोन हजार उसने दिले, तर हा फरक किती दिवस टिकेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि स्टेशन रोडला बसणाऱ्या दुसऱ्या दोघी, ज्यांच्याशी कुणाच्या आईची इतकी जुनी ओळख नव्हती, त्यांच्याकडं मी अजून गेलेलो नाही. त्यातली एक आता दिसत नाही.

मागच्या रविवारी बैठकीत दहा टक्के जास्त होतात असा विषय निघाला. मी कौटिल्याचे पाच सांगितले, जरा भाव खाऊन. मावशी खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी पिवळी पानं गोळा करून माझ्यापुढं ढीग केला आणि म्हणाल्या, "हे बग, पाच तर हितंच गेलं. त्या तुज्या बाबाला म्हणावं, येक रविवार येऊन बस."

मग वहिनींकडं वळून त्यांनी विचारलं, उद्या वांगी किती निघतील.